वीस टक्के भारमान

पहाटे पाचला आगारात पाऊल टाकलं की वाहतूक नियंत्रकापुढे एकच हिशेब असतो. मार्गावर काढायच्या गाड्या किती, कार्यशाळेतून सुटून आलेल्या किती आणि चालक-वाहक हजर किती. हा हिशेब जुळला असा दिवस विरळा. कुणा चालकाला रात्री ताप भरलेला असतो, एखाद्या गाडीचा क्लच आदल्या संध्याकाळी घाटात गेलेला असतो. दोन गाड्या कमी पडल्या की दोन शेड्यूल मोडायची. कोणती मोडायची ते ठरवायला पाच-सात मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात चौकशीच्या खिडकीसमोर माणसं येऊन उभी राहिलेली असतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आगारात आधी वाहक म्हणून आणि पुढे कंट्रोलर म्हणून नोकरी केली. आगाराचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यात नऊ आगारं आहेत, त्यातलं कुठलंही धरलं तरी चालेल.

गाडी कमी पडली की मुंबई, बोरिवली, पुणे या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांना कोणी हात लावत नाही. आरक्षण झालेलं असतं, उत्पन्नही तिथंच असतं. शाळा-कॉलेजच्या वेळेची गाडी सोडली नाही तर नऊच्या आत मुख्याध्यापकांचा फोन येतो, दहाला पालकांचा, आणि सलग दोन दिवस असं झालं तर मुलंच आगाराच्या फाटकात येऊन बसतात. मग उरते ती दुपारची, एक दहाची, डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन माघारी येणारी फेरी. तिच्यात बसणारी बहुतेक म्हातारी माणसं, सकाळच्या गाडीनं तालुक्याला आलेली. ती फोन करत नाहीत. खिडकीशी येऊन विचारतात, "मास्तर, एक धाची नाय काय आज?" नाही म्हटलं की पिशवी उचलून बाकावर जाऊन बसतात. साडेचारपर्यंत. यात कुणाचा दुष्टावा नसतो. जिथून ओरड कमी तिथली फेरी आधी जाते, सगळीकडे हे असंच चालतं.

मी आधी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि नंतर खिडकीच्या आत बसलो, त्यामुळे एक गोष्ट मला दोन्हीकडून दिसली. म्हाताऱ्या माणसाचा सगळा प्रवास परतीच्या गाडीवर अवलंबून असतो. तरणा माणूस सकाळची गाडी बघतो आणि निघतो. परत यायचं कसं हे त्याचं तो बघून घेतो. वडाप, रिक्षा, कुणाची तरी मोटरसायकल, नाहीतर चालत. सत्तरीच्या माणसाला यातलं काही जमत नाही. तो आदल्या रात्री आधी परतीचं बघतो, आणि ते नक्की नसेल तर घरातून निघतच नाही. म्हणजे दुपारची फेरी रद्द झाली की खरं तर सकाळचाही प्रवासी गेला. ही गोष्ट कुठल्याही लॉगशीटमध्ये लिहायला रकाना नाही.

आमच्याकडची गावं कशी आहेत हे घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं. गाव म्हणजे एका जागी दाटीनं बसलेली घरं नव्हेत. वरचीवाडी, खालचीवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, व्हाळाच्या पलीकडे धनगरवाडा. गाडी येते ती शाळेपर्यंत किंवा देवळाच्या फाट्यापर्यंत. तिथून खाली पाखाडी उतरायची. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. थांबा कागदावर गावात असतो. गुडघे गेलेल्या बाईला मात्र त्या थांब्यापर्यंत यायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, मध्ये दोनदा बसून. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, गाडीचा हॉर्न ऐकू आला की काही जणी खालूनच हाक मारायच्या, आणि ज्याला हाक ऐकू आली तो चालक थांबायचा.

आणि माणसं कोण उरली आहेत तेही सांगायला हवं. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या मधल्या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. एकूण राज्यात माणसं वाढत होती, आमच्याकडे कमी होत होती. २०११ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कमावता पुरुष मुंबईला, मागे बायका आणि म्हातारे, ही जुनीच रीत. आता सुनाही मुंबईला गेल्या, नातवंडंही गेली. चाळीस घरांच्या वाडीत बारा घरांतून धूर निघतो, बाकीची गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. गणपतीत या रस्त्यांवर रिक्षा, सुमो, चकाचक मोटारी धावतात. दहा दिवस म्हाताऱ्यांना एसटीची आठवणही होत नाही. मग गौरी-गणपती जातात, पाठोपाठ चाकरमानी जातात, आणि पुन्हा सकाळी सव्वासातला थांब्यावर छत्री टेकवून चार माणसं उभी दिसतात.

त्या थांब्यांवर एक चिरा असायचा. चिरा म्हणजे घरबांधणीचा जांभ्याचा कापीव ठोकळा. गाडीची पहिली पायरी इतकी उंच की पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. नऊवारी नेसलेल्या, संधिवातानं आखडलेल्या बाईला ते शक्यच नसतं. मग गावातल्या कुणीतरी चिरा आणून ठेवलेला. आधी चिऱ्यावर पाय, मग पायरीवर, मग दांडी धरून आत. यासाठी दार चिऱ्याच्या समोर यायला हवं, आणि हे चालकाच्या हातात. जुना चालक गाडी बरोबर तिथं लावायचा, हाताच्या अंतराचाही फरक पडत नसे. नवा आला की दहा पावलं पुढे जायचा. मी एक घंटी द्यायचो, तो थांबायचा, मागे घ्यायला सांगितलं तर वैतागायचा. आमच्याकडे बरेच चालक बीड, परभणी, लातूरकडून भरती होऊन येतात. कोकणातली वळणं अंगवळणी पडायला त्यांना एक पावसाळा लागतो. चिरे पाठ व्हायला आणखी एक. तोवर त्यांचा बदलीचा अर्ज मंजूर होतो आणि ते आपल्या मुलखात जातात, त्यांची चूक नाही. पण त्यांच्याबरोबर ते चिरेही जातात. नवीन माणूस येतो आणि पुन्हा दहा पावलं पुढे थांबतो.

एक मराठवाड्यातला पोरगा मात्र लवकर शिकला. त्याला शिकवलं एका आजीनं. पहिल्याच दिवशी गाडी पुढे गेल्यावर ती हललीच नाही. चिऱ्यावर उभी राहिली आणि काठी आपटत म्हणाली, "मी हय हाय. गाडी हय हाण." पोरानं आरशात बघितलं, मुकाट्यानं गाडी मागे घेतली. गाडीतली शाळेची पोरं महिनाभर त्याला तेच वाक्य ऐकवत होती.

रस्ता रुंद करताना अशा थांब्यांवरचे चिरे उखडले जातात. नवे निवारे येतात, छान रंगवलेले, पाटी लावलेले. चिरा परत ठेवायचं कुणाच्या अंदाजपत्रकात नसतं.

आता भारमानाचं. गाडीत आसनं ४४. दुपारच्या फेरीत नऊ माणसं बसली, तर ढोबळमानानं भारमान वीस टक्के. एवढ्यात डिझेलही सुटत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. कंट्रोलर म्हणून मी ते आकडे रोज भरले आहेत. फेरी तोट्यात चालते हे खरंच आहे. पण त्या नऊ माणसांत एका वाडीची पाच असायची, आणि त्या वाडीत चालती-फिरती माणसं एकूण सात-आठच. गाडीच्या बाजूनं मोजलं तर गाडी रिकामी. वाडीच्या बाजूनं मोजलं तर अर्ध्याहून जास्त वाडी गाडीत. एसटीच्या बोधवाक्यात बहुजनांचं हित आणि सुख दोन्ही आहे. भारमानाच्या तक्त्यात बहुजन म्हणजे ४४ला किती भरले तेवढंच.

छोटी गाडी सोडा, असं शहाणी माणसं सुचवतात. मध्यंतरी यशवंती नावाच्या छोट्या गाड्या आल्या होत्या, अरुंद रस्त्यांसाठी म्हणून. त्या फार टिकल्या नाहीत. छोट्या गाडीची अडचण सकाळी कळते. तीच गाडी सव्वासातला शाळेच्या पोरांनी अशी भरते की दार लागत नाही. दप्तरं पाठीवर, पोरं पायरीवर. त्या गर्दीतून चिऱ्यावरची आजी वर चढणार कशी? मोठ्या गाडीत निदान ओरडून एक आसन मोकळं करून घेता येतं. आसनावर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' असं लिहिलेलं असतं, पण तिथं बसलेला बारावीतला मुलगा ते पाठीमागे ठेवून बसलेला असतो. वाहकाचा आवाज हेच खरं आरक्षण.

म्हातारी माणसं जातात कशाला? शहरातल्या नातेवाइकांना वाटतं, बाजाराला, फिरायला. मी जे बघितलं ते असं. बीपी-शुगरच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यानं मिळतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत येतात; २०२३पासून ते महिन्याला १५०० रुपये झाले. अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण आयुष्यभर चुलीजवळ आणि शेतात घासलेल्या बोटांवर रेघा उरलेल्या नसतात, मग पुन्हा उद्या या. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला पाखाडी चढून, सव्वासातची गाडी धरून तालुक्याला जायचं. मोतीबिंदूचं शिबिर असतं. आणि क्वचित, अगदी क्वचित, लेकीच्या गावचं काही असतं.

ही सगळी कामं साडेअकरा-बारापर्यंत आटोपतात. परतीची एक दहाची मिळाली तर अडीचच्या आत घर, दोन घास जेवून आडवं होता येतं. ती नसली तर साडेचारची, म्हणजे पाखाडीवर दिवेलागण. मधले तास स्टँडवर. बऱ्याच बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण स्टँडवरच्या मुतारीत जायची त्यांना भीती वाटते. ओली फरशी, उकिडवं बसता येत नाही. मधुमेहाच्या बाईनं दिवसभर पाणी न पिता उन्हात बसायचं, आणि तेही साखर तपासायला आलेली असताना. गाडी सड्यावर आली की कधी कधी एखादी हळूच म्हणायची, "मास्तर, वाईच थांबवा वो." मी घंटी द्यायचो. गाडीतली सगळी माणसं समुद्राच्या बाजूला बघत बसायची. या थांब्याला नाव नाही, टप्पा नाही, पण तो रोजचा होता.

स्पेशल रिक्षा करावी तर जाऊन-येऊन पाच-सातशे जातात. पंधराशेतले सातशे. मुंबईचा मुलगा फोनवर सांगतो, "आई, रिक्षा कर, मी पैसे पाठवतो." ती हो म्हणते आणि एसटीचीच वाट बघत बसते. मुलाचे पैसे तिला त्याच्या पोरांच्या फीसाठी राहू द्यायचे असतात.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी अमृत ज्येष्ठ नागरिक योजना लागू झाली. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत. त्याआधीपासून ६५च्या पुढे अर्धं तिकीट होतंच. पुढे मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं झालं. अमृतच्या माणसालाही तिकीट द्यावं लागतं, शून्य रुपयाचं. त्या शून्याची भरपाई सरकार महामंडळाला करतं. वाहक गाडीत विचारू लागले, "अमृत किती? अर्धे किती?" आणि त्यातून काय गमती झाल्या! वयाचा पुरावा आधार कार्ड. आमच्या म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख बहुधा १ जानेवारी. साल शिबिरातल्या पोरानं चेहरा बघून टाकलेलं. एका गावातले दोन सख्खे भाऊ, धाकटा अमृत झाला आणि थोरला अजून अर्ध्यावर. थोरला दरवेळी गाडीत पैसे काढताना धाकट्याला म्हणायचा, "पाया पडू काय तुझ्या?" एका जोडप्यात नवरा ७२चा आणि बायको ७८ची निघाली. ती लाजली होती, पण शून्याचं तिकीट तिनं कमरेच्या पिशवीत घडी घालून ठेवलं.

आमच्यातले काही जण कुरकुरले. फुकटे वाढले, बसायला जागा राहिली नाही, तिकीट काढायला वेळ जातो. मला ते कधी पटलं नाही. योजना आल्यावर मी गाडीत अशा बायका बघितल्या ज्यांना मी त्याआधी कधीच बघितलं नव्हतं, आणि त्यांच्या गावचा रस्ता मला पाठ होता. पैसे मागायला नकोत म्हटल्यावर त्या बाहेर पडल्या. कुणी बहिणीला भेटून आली, कुणी मार्लेश्वराला, कुणी गणपतीपुळ्याला. एक आजी तालुक्याला यायची, उतरायचीच नाही, त्याच गाडीनं माघारी जायची. मी विचारलं तर म्हणाली, "घरात भिंतीशी बोलायचा, त्यापरास गाडीत मानसा तरी भेटतात." तिचं काय चुकलं?

पण याच योजनेनं उघडं पाडलं की अडचण भाड्याची होती त्याहून फेरीची जास्त होती. योजनेच्या आधीच, मार्च २०२०ला, टाळेबंदीत गाड्या थांबल्या होत्या. मग ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ संप. मीही संपात होतो. पगार वेळेवर मिळत नव्हते, मागणी रास्त होती आणि आजही मी तेच म्हणेन. गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या तेव्हा राज्यभरातल्या कितीतरी गावांच्या फेऱ्या मात्र परत आल्या नाहीत. जुन्या गाड्या भंगारात निघत होत्या, त्यांच्या जागी तेवढ्या नव्या येत नव्हत्या. मुक्कामी गाड्या सगळ्यात आधी गेल्या. संध्याकाळी गावात येऊन शाळेच्या ओसरीवर चालक-वाहकानं झोपायचं आणि पहाटे तीच गाडी काढायची, ही जुनी पद्धत. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गावात एक गाडी उभी आहे, हा त्यातला न लिहिलेला फायदा. त्या बंद झाल्यावर सकाळची गाडी आगारातून निघून यायची म्हणजे उशिरा यायची, किंवा यायचीच नाही. एकीकडे प्रवास फुकट झाला आणि दुसरीकडे प्रवासच कमी झाला. गावातला एक निवृत्त मास्तर मला म्हणाला, "तुम्ही आम्हाला फुकट जेवणाचं ताट दिलंत, पण वाढणारा रजेवर."

खिडकीच्या आत बसल्यावर मला फेऱ्या वाढवता येत नव्हत्या, ते माझ्या अधिकारातलं नव्हतं. रद्द झाल्याचं वेळेत कळवता येत होतं. एसटीचं ॲप आहे, गाडी कुठे आहे तेही त्यात दिसतं; पण या माणसांकडे बटणांचा फोन, आणि तोही मुलाचा आला तरच उचलायचा. मी प्रत्येक मार्गावरच्या एकेका दुकानदाराचा नंबर वहीत लिहून घेतला. किराणावाला, गिरणीवाला, एका ठिकाणी अंगणवाडीच्या ताई. सकाळी शेड्यूल मोडलं की आधी तिथं फोन. दुकानदार थांब्यावर उभ्या माणसांना सांगायचा की आज दुपारची परतीची नाही, जायचं तर विचार करून जा. निम्मी माणसं तिथूनच घरी जायची. वरून बघणाऱ्याला वाटेल, कंट्रोलरनंच प्रवासी घालवले. पण ती माणसं दुसऱ्या दिवशी यायची. न सांगता स्टँडवर अडकवलेलं माणूस पुन्हा महिनाभर येत नाही, आणि येत नाही म्हणून भारमान घटतं, आणि घटतं म्हणून फेरी आणखी सहज रद्द होते. हे चक्र मी त्या वहीमुळे काही मार्गांवर थोडं मंदावलेलं बघितलं. निवृत्त होताना वही पुढच्या माणसाच्या हाती दिली.

माझ्या स्वतःच्या गावची एक दहाची फेरी मध्यंतरी बंदच झाली होती. ग्रामपंचायतीनं ठराव दिला, ज्येष्ठ नागरिकांच्या सह्यांचं निवेदन गेलं; सह्या कमी आणि अंगठे जास्त होते. काही हाललं नाही. मग तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात सकाळचे वर्ग सुरू झाले, ते साडेबाराला सुटतात. मुलांच्या पासांची संख्या भरली आणि फेरी परत आली. आता त्या गाडीत तीस-पस्तीस मुलं असतात, आणि पुढच्या आसनांवर आमची आठ-नऊ माणसं. भारमान उत्तम आहे.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपतात, कॉलेजला सुट्टी लागते आणि फेरी बंद होते ती जूनच्या मध्यापर्यंत. नेमका उन्हाचा काळ. म्हणून दीडेक महिना पुरतील एवढ्या गोळ्या एप्रिलमध्येच घेऊन ठेवा, असं मी वाडीत सगळ्यांना सांगत असतो. दवाखान्यात मात्र एका वेळी एकाच महिन्याच्या मिळतात. यंदा वाडीतल्या आठ-नऊ जणांची केसपेपरं एकत्र करून मीच घेऊन जाणार आहे आणि तिथल्या डॉक्टरांना गाडीचं वेळापत्रक दाखवणार आहे. सोमवारी, सव्वासातच्या गाडीनं.